ताटावरून कुणाला उठवायचं नाही

यंत्र बंद पडलं तेव्हा त्याच्या पोटात भरपूर जागा रिकामी होती. हे मी साहेबांना पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते मला पुन्हा पुन्हा मेमरीच्या नव्या चिप्स मुंबईहून कधी येतील ते सांगत होते. आमच्या दोघांच्या बोलण्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, तरी आवाज मात्र दोघांचेही चढलेले होते.

आमची कंपनी म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, स्टेशनमागच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. आत साहेब, मी, यंत्रातली कार्डं बनवणारा माझा सहकारी आणि जोडणी करणारी चार माणसं. वाळूजला त्या वर्षांत रिकाम्या माळावर कारखाने उगवत होते आणि प्रत्येक कारखान्याला काही ना काही मोजायचं होतं. आम्ही ते मोजणारे संगणक बनवून द्यायचो. त्या संगणकाच्या तळाशी बसून बाकी सगळ्या प्रोग्रामांवर देखरेख करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तोही आमचाच, घरी लिहिलेला. माझ्या वडिलांनी पिशोरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी शहरात एका कर्नलच्या हाताखाली आहे. मीही कधी खुलासा केला नाही, कारण त्यामुळे लग्नाची स्थळं जरा दबकून यायची.

या कर्नलचं मुख्य काम मेमरी वाटायचं. मेमरी सारख्या आकाराच्या लहान लहान पानांत कापलेली असते. प्रोग्रामनं मागितलं की पान द्यायचं, काम झालं की परत घ्यायचं. एक-दोन पानांची मागणी असेल तर कुठलंही रिकामं पान चालतं. पण कधी कधी एखादा प्रोग्राम एकाला एक लागून असलेली पानांची लांबच लांब पट्टी मागतो, आणि तिथं कर्नलची अक्कल दिसते.

वाळूजच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स तयार होत. तयार गिअरबॉक्स टेस्ट बेंचवर चढवून फिरवायचा आणि त्याची थरथर आमच्या संगणकानं टिपायची, असं काम होतं. थरथर टिपणारा प्रोग्राम दर थोड्या वेळानं कर्नलकडे अशी लांब पट्टी मागायचा. कारण माझ्या सहकाऱ्यानं बनवलेलं कार्ड साधं होतं. कुठून सुरू करायचं आणि किती लिहायचं, एवढंच त्याला कळे. नाकासमोर लिहीत जायचं, वाटेत दुसऱ्याचं पान आलं तर वळसा घ्यायचं त्याला माहीत नव्हतं.

हे सगळं दीड वर्ष सुरळीत चाललं, आणि ते का चाललं हे कळल्यावर मी कपाळावर हात मारला. बेंचवरचा ऑपरेटर फर्दापूरचा होता. लहानपणी लेण्यांपाशी पर्यटकांना रंगीत दगड विकलेला माणूस. कारखान्यात कुणी पाहुणा आला की आमच्या यंत्राची माहिती तो लेणं दाखवावं तशा सुरात सांगायचा. त्यानं एक रीत पाडली होती. पाळी सुरू झाली की यंत्र बंद करायचं, फडक्यानं पुसायचं, उदबत्ती ओवाळायची आणि मग चालू करायचं. बाकीच्या पाळ्यांनीही ती रीत उचलली. चालू यंत्राला ओवाळणं त्यांना बरं दिसत नव्हतं. आमच्या शेडमध्ये आठवड्यातून एक दिवस वीज नसायची, म्हणजे तिथंही यंत्राला सक्तीचा उपास. थोडक्यात काय, आमचा कर्नल रोज नव्यानं जन्माला येत होता. त्याचं म्हातारपण आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

ते दाखवलं बंदनं. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा तापला होता. मी शाळेत होते तेव्हा याच प्रश्नावरून गावोगाव वस्त्या जळाल्या होत्या, आणि माझ्या सहकाऱ्याचं घर त्यातलंच एक होतं. पुढं तो कॉलेजात असताना प्रत्येक मोर्चात गेला, लाठ्या खाल्ल्या, आणि डिग्री घेऊन आमच्या शेडमध्ये आला. या विषयावर तो फारसं बोलायचा नाही. डब्यातला वाटा मात्र रोज पुढं करायचा आणि मी घेतला नाही तर दिवसभर फुगून बसायचा.

तर त्या बंदमध्ये वाळूजकडे बस जाईना. पुढच्या पाळीची माणसं शहरातल्या क्रांती चौकातून परत फिरली आणि आत होती ती आतच राहिली. पाळी बदलली नाही म्हणून ओवाळणी झाली नाही, ओवाळणी झाली नाही म्हणून यंत्र बंद झालं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आपणहून बंद पडलं.

काय घडलं ते मी नंतर शेडमध्ये तसंच घडवून पाहिलं. वेगवेगळ्या प्रोग्रामांनी दोन दिवस पानं घेतली, सोडली, पुन्हा घेतली. रिकामी पानं ढीगभर होती, पण सगळी विखुरलेली. लांब पट्टी कुठंच सलग उरली नव्हती. टिपणाऱ्या प्रोग्रामनं पट्टी मागितली. ती मिळेना म्हणून कर्नलनं मेमरीच संपली असं धरलं. मेमरी संपली की काय करायचं याचं कलम साहेबांनी स्वतः लिहिलेलं होतं: सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम मारायचा. कर्नलनं पडद्यावर आलेख काढणारा प्रोग्राम मारला. पट्टी झाली नाही. छपाईचा मारला. पट्टी झाली नाही. असं करत करत शेवटी जिवंत उरलेल्यांत मोठा होता तो खुद्द मागणाराच. कर्नलनं त्यालाही मारलं आणि शांतपणे बसून राहिला. मला हसू आलं आणि लगेच संतापही आला.

कारखान्याचे मॅनेजर स्वतः शेडमध्ये आले. बाहेरदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं आणि त्याची अट होती, एकच गिअरबॉक्स आठवडाभर न थांबवता चालवून दाखवायचा. मधे टिपण तुटलं तर चाचणी बाद.

"आणखी एक संधी देतो," ते म्हणाले. "चाचणीला अजून वेळ आहे. त्या आठवडाभरात तुमचं यंत्र एकदा जरी थांबलं, तर ते उचलून न्या. मी बाहेरचं मागवतो."

ते गेल्यावर साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले की यंत्र परत आलं तर शेडला कुलूप लागेल, दुसरं मोठं गिऱ्हाईक आपल्याकडे नाही. मी हा कर्नल तीन वर्षं माझ्या हातानं वाढवला होता. तो भंगारात जाणार हे मला सहन होईना, हे मी उघड सांगते.

साहेबांचा उपाय होता जास्त मेमरी. मी दुसऱ्या यंत्राच्या चिप्स काढून घातल्या आणि दाखवलं की त्यानं मरण फक्त लांबतं. तरी ते ऐकेनात. "मोठ्याला जागा पाहिजे असली तर कुणाला तरी उठवावंच लागतं," ते म्हणाले.

"उठवून जागा होते साहेब. सलग जागा होत नाही."

"मग काय करायचं?"

ते मला अजून माहीत नव्हतं. मी दार आपटून बाहेर गेले. तेव्हा माझी ती सवय होती.

त्याच आठवड्यात पिशोरात चुलत बहिणीचं लग्न होतं. आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती आणि बाकी मजुरी. त्यामुळे लग्न मोठं नव्हतं, पण भावकी मोठी. शहरात शिकलेली म्हणून मला कुणी हळद दळू दिली नाही, पंगत मात्र माझ्याकडे सोपवली. आवाज मोठा असलेला माणूस तिथं लागतो.

पंगत ऐन भरात होती. बुंदी वाढून झाली होती. कुणी उठत होतं, कुणी मधेच बसत होतं. अशात नवऱ्या मुलाचे मामा आपली दहा-बारा माणसं घेऊन आले आणि म्हणाले, "आमची मंडळी एका रांगंत बसणार."

जागा होत्या. पण एक इथं, दोन तिथं, एक त्या खांबापाशी. चुलते गडबडले. वरपक्ष रुसला तर लग्नाचा विचका होणार. ते सरळ रांगेत शिरले आणि एका जेवत्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, जरा उठता का, पाव्हणं आल्यात."

मी तिथूनच ओरडले, "काका, भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाय."

"मग पाव्हण्यांना उपाशी ठिवू व्हय?"

"आधी सरकायला सांगा. सरकून जमलं तर बघू."

मी रांगेतून फिरले. जे सरकू शकत होते ते पत्रावळीसकट सरकले. पण एकाच्या मांडीवर लेकरू झोपलेलं, एकाचा गुडघा वळत नव्हता, आणि खांबाला टेकलेल्या आजीबाई तर काही झालं तरी खांब सोडणार नव्हत्या. मोकळी जागा थोडी एकत्र आली, पण दहा-बारांची रांग झाली नाही. मग मी मामांसमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, एका रांगंत जागा नाय. सुटं बसा, वाढपी तुम्हाला हुडकत येतील. नाय तर पुढच्या पंगतीला थांबा. तुमचं तुम्ही ठरवा."

मामांनी माझ्याकडे, मग बुंदीकडे पाहिलं. "लई फटकळ पोरगी हाय," ते चुलत्यांना म्हणाले आणि खांबाजवळ जाऊन बसले. त्यांची माणसं जागा मिळेल तिथं पांगली. मी वाढप्याला पकडून सांगितलं, मामांचा एक इथं, दोन तिथं, तिघं त्या कोपऱ्यात, कुणाला चुकवू नको. तो नेमका गेला, नेमकं वाढून आला. सगळी जेवली. कुणी रुसलं नाही.

आणि मी हातात बुंदीची परात घेऊन तिथंच थबकले. आमचं कार्ड म्हणजे असा वाढपी होता ज्याला फक्त रांगेनं जाता येत होतं. आणि आमचा कर्नल म्हणजे जेवत्यांना बखोटीला धरून उठवणारे माझे चुलते. लांब पट्टी मिळत नसेल तर आधी सरकवून बघायचं, नाही जमलं तर सरळ नाही म्हणायचं, मारायचं कुणालाच नाही. आणि मागणाऱ्यानं सुट्या पानांत भागवायचं. मला इतका आनंद झाला की मी न जेवताच पहिली एसटी पकडायला निघाले. आईनं पदरात बुंदी बांधून दिली आणि कन्नड गाव येईपर्यंत मी ती मूठ मूठ खात आले.

सहकाऱ्याला मी सगळं एका दमात सांगितलं. तो हसला.

"म्हंजे ताई, तुमच्या नकाराला माझं कार्ड पायजे."

"व्हय. नाही म्हणायचं काम माझं. नाही ऐकून पण काम चालू ठेवायचं तुमचं."

"ती आमची जुनी सवय हाय," तो म्हणाला आणि कार्डाचा नकाशा पसरून बसला. विखुरलेल्या पानांचे पत्ते एकामागून एक हातात दिले तर त्या क्रमानं लिहीत जाईल असं कार्ड त्यानं महिन्याभरात उभं केलं. त्यासाठी जुन्या कार्डावरच्या निम्म्या तारा त्यानं उखडल्या. नव्या तारांना कथलाचा डाग देताना तो गुणगुणायचा आणि सूर कुठलाच लागायचा नाही.

साहेबांशी लढाई वेगळीच होती. "कर्नलनं नाही म्हणायचं? मग तो कर्नल कसला?"

"मारून टाकून वर गप्प बसण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं, साहेब."

"आणि माझं कलम?"

"काढलेलं नाही. एक पान मागणाऱ्याला एकसुद्धा पान उरलं नसेल, तर तेव्हा मेमरी खरंच संपलेली असते. तिथं तुमचंच कलम लागेल. लांब पट्टीसाठी मात्र नाही."

त्यांनी माझा कागद ओळीनं वाचून काढला. हुशार माणूस होता, अडून बसला तरी खोटं बोलणारा नव्हता. "चालवून दाखवा," म्हणाले. मी एक उपद्रवी प्रोग्राम लिहिला, ज्याचं काम फक्त मेमरीत जिथं तिथं एकेक पान अडवून बसायचं. वीज नसलेल्या दिवशी यंत्र बंद पडू नये म्हणून जोडणीवाल्यांनी भंगारातून ट्रकच्या बॅटऱ्या आणून जोडल्या. यंत्र चालत राहिलं. उपद्रव्यानं सगळी मेमरी चाळणी करून टाकली तरी चालत राहिलं.

वाळूजला नवं कार्ड आणि नवा कर्नल बसवला. ऑपरेटरला ताकीद दिली की आता बंद करून ओवाळायचं नाही. "चालू यंत्राला वोवाळलं तर चालंल का मॅडम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, देवाला विचारा, कर्नलची काही हरकत नाही.

गिअरबॉक्स फिरू लागला आणि दुसऱ्याच दिवशी नामविस्ताराची घोषणा झाली. जुनं नावही राहिलं आणि ज्यासाठी इतकी वर्षं गेली ते नावही लागलं. सहकारी शेडमध्ये आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी पेढा पुढं केला. तो म्हणाला, "जे मागितलं होतं ते तसंच्या तसं नाय मिळालं, ताई. पण मिळालं. आज मी काम करणार नाय." आणि तो विद्यापीठाच्या गेटाकडे निघून गेला. त्या दिवशी तो मला दहा वर्षांनी लहान दिसला, आणि मलाही उगाचच रडू आलं.

पण शहरात सगळीच माणसं आनंदात नव्हती. बंद पुकारला गेला, बस थांबल्या, आणि वाळूज पुन्हा तुटलं. आमच्या घरमालकांकडे फोन होता, तो लागत नव्हता. मी खोलीत बसून होते. असल्याच दिवसांना आमचा जुना कर्नल पुरा पडला नव्हता. आणि आता कुठं काही चुकलं तर बटण दाबायलाही तिथं जाता येणार नव्हतं. सरकवण्याच्या भागात मी एक तपासणी विसरले असेन, असं मला वाटू लागलं. मग वाटलं, कार्डाला पत्ता चुकीचा जाईल. भात केला तो तसाच राहिला. घरमालकीण बाई म्हणाल्या, "एवढं काय टेन्शन घेता, मशीनच हाय ना." मी त्यांच्यावर विनाकारण डाफरले.

बस सुरू झाल्या त्या सकाळी मी क्रांती चौकात पहिल्या बसला उभी होते. सहकारी आधीच तिथं होता. 

बेंचच्या खोलीच्या दाराशीच गिअरबॉक्सची घरघर ऐकू आली. पण फिरणं वेगळं आणि टिपणं वेगळं. मी जवळजवळ पळत आत गेले. पडद्यावर आलेख हलत होता. त्याखाली मी ठेवलेली एक ओळ होती, लांब पट्टी नाकारली, सुट्या पानांत भागवलं. ती ओळ एकाखाली एक, एकाखाली एक, पडदाभर होती. जितक्या वेळा ती ओळ आली होती तितक्या वेळा जुना कर्नल मेला असता. मारल्याची ओळ एकही नव्हती.

ऑपरेटर सगळा बंद तिथंच राहिलेला. दाढी वाढलेली, डोळे चुरचुरलेले. तो जरा खट्टू होऊन म्हणाला, "मॅडम, काय झालंच नाय. म्या लई लक्ष ठिवून होतो, पण काय झालंच नाय."

मी त्याला म्हटलं की माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात गोड वाक्य आहे. तो माझ्याकडे संशयानं पाहत राहिला. सहकारी भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि नुसता हसत सुटला.

चाचणी पुरी व्हायची होती त्या दिवशी मॅनेजर आणि साहेब दोघंही आले. मॅनेजरनी टिपणाचे तोवरचे सगळे कागद चाळले आणि कुठंही खंड सापडला नाही. त्यांनी साहेबांना विचारलं, "हे तुम्ही कसं सोडवलं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी सोडवलं असतं तर ते पुन्हा बंद पडलं असतं," ते म्हणाले. "हे माझ्या उलट आहे, आणि ते या दोघांनी केलंय." एवढ्या माणसांत त्यांनी हे सांगितलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो, माझाही आणि त्यांचाही.

आठवडा भरला. मॅनेजर ऑपरेटरला यंत्र थांबवायला सांगणार होते, तेवढ्यात तो बाजूला झाला आणि बटणाकडे हात करून मला म्हणाला, "तुमीच करा."

मी बटण दाबलं. गिअरबॉक्सची घरघर हळूहळू उतरली, आमच्या यंत्राचा पडदाही विझला आणि खोली शांत झाली. ते यंत्र आजवर किती तरी वेळा थांबलं होतं, कधी ओवाळायला, कधी वीज गेली म्हणून, कधी आमच्याच मूर्खपणानं. काम संपलं म्हणून ते त्या दिवशी पहिल्यांदा थांबलं.